तुरिदचा सॉस, ओडवारची जीभ

हात दाखवून अवलक्षण कसं करून घ्यावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने उत्तरेकडच्या ग्रानसेट गावाला जाऊन ओडवारकडे शिकवणी लावावी. माणूस तसा सरळमार्गी. रस्त्यावरचा बर्फ काढण्याच्या नगरपालिकेच्या खात्यात त्याची सगळी हयात गेली, आणि कोणत्या गल्लीतला बर्फ आधी काढायचा यावरून जन्मभर लोकांची बोलणी खाऊनही त्याचा आवाज कधी चढला नाही. पण ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला आणि त्याची जीभ सटकली.

मेहुणा हालवार हा गावच्या शिकारी मंडळाचा म्होरक्या. हंगाम संपला की मंडळाचं जेवण असतं. एल्ग म्हणजे म्हशीएवढं हरीण. त्याच्या मांसाचे जाडजूड स्टेक लोखंडी तव्यावर भाजायचे, बाजूला उकडलेले बटाटे, आणि वरून सॉस. आता सॉस म्हणजे बाटलीच्या बुडावर थापट्या मारून काढायचा तो लाल प्रकार नव्हे. हाडांचा अर्क तासन् तास आटवायचा, मग त्यात आंबट साय, रानातली पिवळी अळंबी, जुनिपर झुडपाचे काळे मणी आणि टुटेबेरची लाल आंबट फळं. मांस काय, कुणीही भाजतं. जेवण उभं राहतं ते सॉसवर, आणि तो सॉस दरवर्षी करायची ती तुरिद. ओडवारची बायको, हालवारची बहीण.

"यंदा आम्ही तयार पाकिटंच आणतो," हालवार फोनवर म्हणाला. "गरम पाणी घालायचं आणि ढवळायचं. तुरिदला उगाच त्रास नको."

"कसला त्रास?"

"म्हणजे... तिचं ते. वसंतापासूनचं."

वसंतात तुरिदला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना तिचा वास आणि तिची चव घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी आणि माशाचं कालवण म्हणजे गरम पाण्यात काहीतरी मऊ, एवढंच तिच्यासाठी उरलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. सुरुवातीला ती हसण्यावारी न्यायची. पुढे ओट्याशी उभ्या उभ्या जेवायला लागली. त्याही पुढे जेवणाला 'उरकणं' म्हणायला लागली. खिडकीबाहेर बघत कोरडा पाव चावणारी बायको ओडवारला रोज दिसायची. पण त्यावर काय बोलायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो हवामानावर बोलायचा.

आणि आता वर ही पाकिटं! "काही गरज नाही," ओडवार ताठ होऊन म्हणाला. "सॉस आमच्याच घरून येईल." आणि फोन ठेवून दिला.

तुरिद शेजारीच विणत बसली होती. "आमच्या घरून म्हणजे नक्की कुणाकडून?"

"आपल्याकडून."

"मी करणार नाही. आणि मी येणारही नाही, ओडवार. तिथे बसून मी काय करू? बाकीच्यांना चावताना बघत बसू?"

"मग मी करीन."

तिच्या सुया थांबल्या. "तू? अंडं उकडताना पाणी आधी घालायचं की अंडं, हे विचारायला तू मला अंघोळीतून बाहेर बोलावतोस."

हे खरं होतं, पण एकदाच झालं होतं. ओडवारच्या डोक्यात एक हिशेब पक्का झाला होता: सॉस जमला तर ती येईल, आली तर बसेल, आणि बसली तर चार घास माणसांत खाईल. त्याला दुसरा उपाय सुचत नव्हता. सुचला असता तर सोपाच निवडला असता.

कृती विचारायला गेला तर तिथे पहिलाच खड्डा.

"मीठ किती घालायचं?"

"पुरेल इतकं."

"पुरलं हे कसं कळतं?"

"जिभेला कळतं," तुरिद म्हणाली. ओडवारने पुढचे सगळे प्रश्न गिळले.

घरातून सल्ला मिळेना, पण जिन्यात हवा तेवढा होता. तळमजल्यावरची इंगेबोर्ग ही सोसायटीची अध्यक्ष. तिच्या कानावर कुणीतरी घातलंच होतं. "चीज घालणार आहेस का?" तिने वाटेतच गाठून विचारलं. चीज म्हणजे त्यांच्याकडचं ते पेढ्याच्या रंगाचं गोडसर चीज. "घालू नकोस. ते पावावर ठेवायचं असतं. सॉसमध्ये चीज घालणारी माणसं टेबलावर पडदे अंथरायलाही कमी करत नाहीत."

सर्वात वरच्या मजल्यावरचा स्वेरे हा निवृत्त बसचालक. तो म्हणाला, "सगळ्या खोऱ्यातले सॉस मी खाल्लेत. चीज नाही तर सॉस नाही, नुसतं ओलं पीठ. तू तिचं ऐकू नकोस. ती किनाऱ्यावरची. तिकडे मासा उकडतात आणि त्यालाच स्वयंपाक म्हणतात."

सायकली लावायच्या जागेला कोणता रंग द्यायचा यावरून इंगेबोर्ग आणि स्वेरे एकमेकांशी बोलत नव्हते. आता दोघांना बोलायला ओडवार सापडला. इंगेबोर्गने 'त्या माणसाला सांग' म्हणून वर निरोप पाठवावा आणि स्वेरेने 'त्या बाईला सांग' म्हणून खाली. दोन दिवस ओडवार चिजाबद्दलची दोघांची मतं घेऊन जिना चढत-उतरत होता. पोटऱ्या मजबूत झाल्या, सॉस होता तिथेच होता.

अळंबी आणायची म्हणून शनिवारी तो रानात गेला. इथे एक सांगायला हवं. ग्रानसेटमध्ये माणसाचा पगार विचारा, तो सांगेल. त्याने नाही सांगितला तर सरकार सांगेल. पण अळंबी कुठे मिळते हे तो मरताना मुलालाही सांगत नाही. तुरिदची जागा ओडवारलाही ठाऊक नव्हती. ती दर शरदात एकटी गाडी घेऊन जायची, भरली टोपली आणायची, आणि परतताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायची. ओडवारने कधी विचारलं नाही. चांगल्या घरातला माणूस असलं काही विचारत नाही.

तर हा रानात भटकतोय, आणि एका वळणावर समोर साक्षात इंगेबोर्ग. दोघांनीही एकाच क्षणी टोपल्या पाठीमागे नेल्या.

"फिरायला?" तिने विचारलं.

"फिरायला. तू?"

"मीही सहजच. हवा छान आहे."

हवा म्हणजे बारीक पाऊस आणि कान कापणारा वारा. तेवढ्यात इंगेबोर्गच्या पाठीमागून एक पिवळीधमक अळंबी टपकन खाली पडली आणि घरंगळत दोघांच्या मधोमध आली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही ती दिसली नाही.

"निघते मग," इंगेबोर्ग म्हणाली आणि मानेने ताठ, पाठीने अवघडलेली अशी कडेकडेने निघून गेली. ओडवार सभ्य माणूस. ती झाडांआड होईपर्यंत तो थांबला आणि मगच वाकला. त्या एकीच्या भरवशावर त्याने पुढे आपल्या मनाने बरीच गोळा केली, काही पिवळी, काही पिवळट, काही पिवळी असावी असं वाटणारी.

रविवारी सकाळी हालवार एल्गच्या नळ्यांची हाडं दारात टाकून गेला. हाडं इतकी लांब की पातेल्यात घालायची तर वरचा निम्मा भाग खिडकीतून बाहेर काढावा लागला असता. ओडवारने गॅलरीत स्टूल मांडलं आणि करवत चालवली. चार वेळा चालवली नसेल तोच दाराची घंटा.

"नियम सातवा," इंगेबोर्ग म्हणाली. "रविवारी ठोकणे, भोके पाडणे आणि करवतणे मना आहे."

"पण हे लाकूड नाही."

"नियमात लाकूड लिहिलेलंच नाही. करवतणे लिहिलंय."

पूर्वी सोसायटीचा चिटणीस असताना तो नियम ओडवारनेच लिहिला होता, आणि 'करवतणे' हा शब्द सुचल्याबद्दल त्या वेळी स्वतःवर खूशही झाला होता. तो मुकाट्याने हाडं, करवत आणि रबरी एप्रन घेऊन खाली गेला. सोसायटीच्या हद्दीबाहेर सपाट आणि निर्मनुष्य जागा त्याला एकच आठवली: चर्चचं वाहनतळ. तिथे गाडीची डिकी उघडून त्याने काम सुरू केलं. जागा निर्मनुष्य होती, कारण माणसं आत होती. घंटा झाल्या आणि सगळी बाहेर आली.

समोर ओडवार. अंगावर डाग पडलेला एप्रन, हातात करवत, डिकीत कुणाचा तरी पाय.

"शुभ रविवार, ओडवार," लोक म्हणाले आणि आपापल्या गाडीकडे गेले. कुणी काही विचारलं नाही. हीच तर पंचाईत. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये या ज्या सभ्यपणाचा त्याला जन्मभर अभिमान होता, त्याच सभ्यपणाने त्याला मारलं. एकाने जरी 'काय रे हे?' म्हटलं असतं, तरी 'सॉस' असं सांगून मोकळं होता आलं असतं. धर्मगुरू मात्र जवळ आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंत्यविधीला काढतात त्या मऊ आवाजात म्हणाले, "कधीही बोलावंसं वाटलं, तर माझं दार उघडं आहे."

घरी येऊन त्याने निम्मी हाडं भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, भाजायला ठेवली. दुपारी वाचनालयासमोर अळंबी तपासून द्यायला तज्ज्ञ बसतात, ती वेळ चुकवून चालणार नव्हती. टोपली उचलून दारातूनच तो ओरडला, "तुरिद, भट्टीवर लक्ष ठेव! खमंग वास सुटला की बंद कर!"

दार लावलं आणि गेला. काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

वाचनालयासमोर अळंबीची तज्ज्ञ डाग्नी टेबल मांडून बसली होती. रांगेत ओडवारच्या पुढे, दुसरं कोण असणार, इंगेबोर्ग. तिची टोपली सोन्यासारखी पिवळी. डाग्नीने ती खालवर केली आणि म्हणाली, "वाईट नाही." इंगेबोर्ग लाजून लाल झाली. त्या खोऱ्यात 'वाईट नाही' याच्या वर स्तुती नाही. लग्नाच्या रात्री, पोर झाल्यावर, पोराला वैद्यकीयला प्रवेश मिळाल्यावर, सगळीकडे 'वाईट नाही' यावरच भागतं.

मग ओडवारची टोपली. डाग्नीने तीही खालवर केली. शेवटी दोन बोटांनी एक तांबूस अळंबी उचलून तिने त्याच्या नाकासमोर धरली. "ही खाल्ली की मूत्रपिंडं जातात. लगेच नाही. सवडीने."

"मग ती एक काढून टाकू."

"आणि बाकीच्यांना तिचे तुकडे लागले असतील ते?" असं म्हणून तिने अख्खी टोपली काळ्या पिशवीत उलटी केली. "कुणाला जेवायला बोलावलं होतंस?"

"शिकारी मंडळाला."

"अख्ख्या?" डाग्नीने विचारलं.

मान खाली घालून घरी येतोय तर जिन्यात धूर आणि सगळ्या इमारतीत कर्कश भोंगा. तो धावत वर गेला. स्वेरे खुर्चीवर चढून छताचा भोंगा बंद करत होता, इंगेबोर्ग खिडक्या उघडत होती, आणि दोघं चक्क एकमेकांशी बोलत होती. भट्टीत हाडांचा कोळसा झाला होता. तुरिद स्वयंपाकघराच्या मधोमध हात खाली सोडून उभी होती.

शेजारी गेल्यावर ती म्हणाली, "मी पलीकडच्याच खोलीत होते. दार उघडं होतं."

तेव्हा कुठे ओडवारला आठवलं, आपण दारातून काय सांगून गेलो ते. त्याला वाटलं, त्या एल्गने जिवंतपणी आपल्याला तुडवलं असतं तर बरं झालं असतं.

"घर जळालं असतं तरी मला कळलं नसतं," तुरिद म्हणाली.

त्याला माफी मागायची होती. मनापासून मागायची होती. पण माफीसाठी तोंड उघडलं आणि काय बोलावं ते न सुचून बाहेर पडली ती चर्चच्या वाहनतळाची गोष्ट. करवत, डिकी, शुभ रविवार, धर्मगुरूंचा मऊ आवाज, सगळं. तुरिद ऐकत राहिली. 'माझं दार उघडं आहे' इथे पोचल्यावर तिच्या खांद्यांना झटके बसायला लागले. मग ती हसली. टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसणं थांबलं, पाणी मात्र येत राहिलं. ओडवार तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला. पाठीवर हात ठेवावा की नाही याचा त्याने थोडा विचार केला आणि ठेवला.

"हाडं उरलीत?" बऱ्याच वेळाने तिने नाक पुसत विचारलं.

"निम्मी गाडीतच आहेत."

"आणि अळंबी?"

"डाग्नीने फेकली. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी खुनीच."

तुरिद उठली आणि बूट शोधायला लागली. "चल. अजून उजेड आहे."

गाडी तिने चालवली. रानातल्या एका वळणावर थांबवली आणि म्हणाली, "तू इथेच बस. माझ्यामागे यायचं नाही." सात महिन्यांचं दुःख असलं म्हणून काय झालं, जागा ती जागा. ओडवारने आज्ञाधारकपणे मान डोलावली आणि ती टोपली घेऊन झाडांत शिरली.

तो बसला. बराच वेळ बसला. मग झाडांतून हाक आली, "ओडवार, इकडे ये."

त्याला वाटलं, पाय मुरगळला. धावत गेला तर ती एका शेवाळलेल्या उतारावर रिकामी टोपली घेऊन उभी होती. "आधी मला वास यायचा," ती म्हणाली. "मग त्या दिसायच्या. डोळ्यांनी मी कधी शोधल्याच नाहीत. आज किती तरी तुडवून पुढे गेले, बघ." तिच्या बुटाच्या टाचेला पिवळा चुरा लागला होता. "आता तू सांग. कुठून वास येतोय?"

आपल्याला तिने या जागेवर बोलावलं, हे ओडवारला त्या क्षणी कळलं. लग्नातही तिने त्याला इतकं काही दिलं नव्हतं. त्याने नाक वर केलं. "त्या उंबरठ्यासारख्या खडकापाशी."

"कसला येतोय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे कसला? मला येत नाहीये, ओडवार. चांगला म्हणून काय सांगतोस मला!"

ओडवार घामाघूम झाला. जन्मभर ज्याने वासाबद्दल 'आहे' आणि 'नाही' एवढंच म्हटलं, त्याला हे बर्फाचा डोंगर उपसण्यापेक्षा जड होतं. "म्हणजे... ओल्या तळघरात कुणीतरी जर्दाळू ठेवून विसरून गेलंय," तो म्हणाला आणि शरमेने इकडेतिकडे बघू लागला. जवळपास कुणी नव्हतं. तुरिदने डोळे मिटले होते.

"हो," ती म्हणाली. "तोच."

पुढचे दोन दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात जे चाललं त्याला स्वयंपाक म्हणावं की उलटतपासणी, हे ठरवणं कठीण आहे. हाडं भाजताना तिने त्याला भट्टीसमोर बसवला आणि दर थोड्या वेळाने विचारलं. अर्क उकळायला लागला आणि साऱ्या इमारतीत तो वास भरला. कुणाचा तरी कुत्रा दारापाशी येऊन रडायला लागला, स्वेरे साखर मागायच्या निमित्ताने दोनदा आला, आणि अख्ख्या इमारतीत वास येत नव्हता तो फक्त एकीला. ती चमचा ओडवारच्या तोंडात घालायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायची.

"वाईट नाही," पहिल्यांदा तो म्हणाला. तिने चमचा सिंकमध्ये आपटला. "ओडवार!"

"बरं, बरं. आधी लाकडाच्या कोठीत शिरल्यासारखं. मग गोड. पण ते गोड पाहुण्यासारखं लगेच उठून बसतं..."

"उठून बसतं की उठून जातं?"

"जातं."

"मग चीज कमी पडलंय," तुरिद म्हणाली आणि तिने एक पातळ काप घातला. खालच्या मजल्यावर न कळवता. "आता?"

"आता थांबलं. जेवायला बसलं." असं करत करत सॉस झाला. दोघं दमून भिंतीला टेकली. ती म्हणाली, "मी येते जेवणाला." एवढंच म्हणाली, पण ओडवारने स्वयंपाकघरातली सगळी भांडी न सांगता घासली.

जेवणाच्या दिवशी तुरिद निळा पोशाख घालून हालवारबरोबर टेबलं मांडायला पुढे गेली. मागून ओडवार, आणि शेजारच्या सीटवर पट्टा बांधलेलं पातेलं. तो इतकी हळू गाडी चालवत होता की मागून येणाऱ्या एका सायकलवाल्याने घंटी वाजवली. सभागृहाच्या अलीकडच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक जिवंत एल्ग उभा. ओडवारने ब्रेक दाबला. पट्ट्याने पातेलं धरलं, झाकण नाही धरलं. एल्गने काचेतून आत पाहिलं, सीटवरून ओघळणाऱ्या आपल्या नातेवाइकाकडे पाहिलं, आणि सावकाश रानात निघून गेला.

अर्ध्याच्या वर सॉस गेला होता. सभागृहाच्या मागच्या दाराने ओडवार चोरासारखा आत शिरला. स्वयंपाकघरात सायीचे डबे होते, गरम पाणी होतं. त्याने दोन्ही ओतलं. रंग फिका पडला. तुरिदला सांगावं असं त्याला वाटलं, पण ती टेबलाशी बसून कुणाशी तरी बोलत होती. बसली होती! त्याने तोंड मिटलं आणि सॉस वाढायला पाठवला.

शिकारी मंडळ म्हणजे दाढीवाली, दिवसातून दहा शब्द बोलणारी माणसं. पहिल्याने स्टेकचा तुकडा सॉसमध्ये बुडवून तोंडात घातला, चावला, आणि हालवारकडे बघत म्हणाला, "अप्रतिम."

तुरिदचा काटा हवेतच थांबला. हा शब्द त्या सभागृहात आजवर कुणी काढला नव्हता.

"स्वर्गीय," दुसरा म्हणाला आणि लालेलाल झाला.

"असा सॉस जन्मात खाल्ला नाही," तिसरा ताटाकडे बघत पुटपुटला. आणि हालवारने उभं राहून, गळा साफ करून, पाठ केल्यासारखं सांगितलं, "तुरिद, आजवरच्या सगळ्या सॉसमध्ये हा सर्वात उत्तम आहे."

तुरिदने काटा खाली ठेवला. तिचा चेहरा उतरत गेला. "कळलं," ती म्हणाली. "मी मेले की असंच बोलणार आहात तुम्ही सगळे. जिवंतपणी ऐकवलंत, आभारी आहे." ती उठली आणि खुंटीवरच्या कोटाकडे निघाली. दाढ्या ताटात गेल्या. हालवार उभाच राहिला, बसावं कसं हे विसरल्यासारखा. बहिणीला बरं वाटावं म्हणून त्यानेच सगळ्यांना कौतुक करायला बजावून ठेवलं होतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

ओडवारने एक चमचा सॉस तोंडात घातला. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा तिच्या हातातला तो कोट जास्त दिसला.

"पुचाट झालाय," तो मोठ्याने म्हणाला.

तुरिद वळली.

"पुचाट," ओडवार म्हणाला. "गाडीत सांडला. रस्त्यात एल्ग आला. मग मी इथे चोरून साय आणि पाणी घातलं. तळघर नाही, जर्दाळू नाही, लाकडाची कोठी नाही. ओलं पीठ आहे नुसतं. मीठ तर अजिबात नाही. तुरिद, मला एकट्याला येत नाही गं हे. आणि मला ते एकट्याने करायचंही नाही."

आपण पंधरा माणसांसमोर हे बोललो, हे कळल्यावर तो कानापर्यंत तापला. तुरिद त्याच्याकडे बघत होती. तिने कोट परत खुंटीला अडकवला.

"पातेलं शेगडीवर ठेव," ती म्हणाली.

स्वयंपाकघराचं दार उघडंच राहिलं आणि टेबलाशी बसलेल्यांना सगळं दिसत होतं. तिने बाह्या सरसावल्या. जाळ मोठा करून आधी ते पाणी आटवलं. सजावटीला म्हणून घरून आणलेली शिल्लक अळंबी लोण्यात परतून घातली. जुनिपरचे मणी सुरीच्या पात्याखाली ठेचले. ओडवार चमचा घेऊन शेजारी उभा.

"आता?"

"रानाच्या कडेला आलोय. आत नाही शिरलो."

तिने मुठीतून लाल फळं सोडली. "आता?"

"आंबट पुढे पळतंय."

"चीज." कुणीतरी धावत जाऊन चीज आणलं. "आता?"

"मीठ. अजून एक चिमूट. अजून थोडं. हां."

"नुसतं हां नको."

ओडवारने चमचा पुन्हा बुडवला आणि डोळे मिटले. या वेळी त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. "हिवाळ्यात मी कामावरून यायचो," तो म्हणाला, "आणि जिन्यातच कळायचं की तू घरी आहेस. दार उघडायच्या आधीच. तसं लागतंय."

शेगडीवर सॉस बुडबुडत होता. तुरिदने एक ताट घेतलं, स्टेक ठेवला, वर पळीभर सॉस घातला, आणि आत येऊन सगळ्यांच्या मधल्या खुर्चीवर बसली. ओडवारला तिने बाहीला धरून शेजारी बसवलं. शिकारी मंडळ ताटं हातात धरून थांबलं होतं, पण आधी वाढा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिने पहिला घास घेतला. ओडवार सांगायला लागला, आधी अडखळत, मग जरा सुरळीत. मांस कडेला करपलंय आणि आत मऊ आहे, साय मागून येते, जुनिपर दातांखाली सापडला की थंडी वाजल्यासारखं होतं. ती चावत होती आणि ऐकत होती. असे पाच-सहा घास झाले. मग सगळे आपल्याकडे बघतायत हे ओडवारच्या लक्षात आलं आणि तो गप्प झाला.

तुरिदने पुढचा तुकडा सॉसमध्ये नीट बुडवला.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "माझं जेवण अजून व्हायचंय."